सुपर एरियातली खोली

घर हलवायचं ठरलं की आपल्याकडे किती चाळण्या आहेत ते कळतं. आमच्याकडे सात निघाल्या. त्यातल्या तीन माझ्या सासूबाईंनी वेगवेगळ्या वर्षी पुण्याहून आणल्या होत्या, कारण फरीदाबादला चाळण्या मिळत नाहीत अशी त्यांची खात्री होती. साधना सातही न्यायच्या म्हणत होती, मी तीन म्हणत होतो. लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर अशा वाटाघाटीत कोण जिंकतं ते सांगत बसत नाही.

कंपनीने माझी पुण्याच्या ऑफिसात बदली केली होती. फ्लॅट विकून झाला होता. आमच्या अबोलीची पाचवीची परीक्षा संपली होती. मार्चचा शेवट, कडुनिंबाची पानं बाल्कनीत येऊन पडत होती, आणि घरात जिकडेतिकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वस्तू दिसत होत्या. गुरुवारी सकाळी पॅकर्स येणार, दुपारी ट्रक भरणार, संध्याकाळच्या विमानाने आम्ही तिघं जाणार.

आता त्या भिंतीबद्दल सांगायला हवं.

आमचा फ्लॅट कागदावर थ्री-बीएचके होता. चौदा वर्षांपूर्वी बुक केला तेव्हा बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत पॅसेजच्या टोकाला तिसरी बेडरूम होती, पूर्वेला खिडकी, खिडकीत पुस्तक वाचत बसलेलं एक मूल. ताबा मिळाला तेव्हा पॅसेजच्या टोकाला भिंत होती. भिंतीपलीकडे लिफ्टची पोकळी. मी तक्रार केली तर बिल्डरच्या माणसाने मला चहा पाजला आणि सांगितलं, "सर, एरिया पूरा है. बस, सुपर एरिया में चला गया." सुपर एरिया म्हणजे जिने, लिफ्ट, गच्ची आणि भिंतींची जाडी यांतला आपला वाटा. तो आपल्या मालकीचा असतो, फक्त त्यात राहता येत नाही.

त्यावर मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला. लोक हसले. पुढे पाहुणे आले की मी त्यांना भिंतीसमोर उभं करून "ही आमची तिसरी बेडरूम" असं सांगायचो. साधना हसायची नाही. ती खोली दुसऱ्या मुलासाठी होती. अबोलीच्या वेळी आम्ही मुलीची दोन नावं काढली होती. एक वापरलं. दुसरं, सुखदा, शिल्लक राहिलं. पुढे डॉक्टरांनीच नको म्हणून सांगितलं, आणि तो विषयही सुपर एरियात गेला.

शनिवारी सामानाचा सर्व्हे झाला. त्यासाठी हल्ली माणूस येत नाही, व्हिडिओ कॉल येतो. आपण फोन धरून घरभर फिरायचं, पलीकडचा माणूस यादी करतो, आणि त्यावरून ट्रकमध्ये किती जागा ठेवायची ते ठरतं. आमच्या पलीकडे सतबीर नावाचा सुपरवायझर होता. आवाज जाड, बोलणं कमी. हॉल झाला, किचन झालं, आमची बेडरूम झाली. अबोलीच्या खोलीत ती पलंगावर मांडी घालून बसली होती. तिने फोनकडे बघून हात हलवला, आणि रंगांचे डबे, कॅरम, भिंतीवरचा नकाशा असं सगळं स्वतः दाखवलं.

"और कोई कमरा, सर?" सतबीरने विचारलं.

मी पॅसेजच्या टोकाशी, भिंतीसमोर उभा होतो. कंटाळा आला होता. आणि गेली वीस वर्षं लोक मला विनोद कर म्हणून सांगत आलेत, त्याची सवय लागते.

"है ना," मी म्हटलं. "तीसरा बेडरूम. छोटी बेटी का. सुखदा."

"दिखाइए."

मी फोन भिंतीला दाखवला. "एक सिंगल बेड. एक स्टडी टेबल. एक साइकिल."

"साइकिल बड़ी या छोटी?"

"छोटी. साइड वाले पहिये लगे हैं."

मला वाटलं आता तरी तो हसेल. पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. "हो गया, सर."

रविवारी यादी आली. चाळण्या सात. बेडरूम तीन: सिंगल बेड, स्टडी टेबल, लहान सायकल, निळे पडदे, रजई एक, बूट चार जोड. पडद्यांचं आणि बुटांचं मी बोललो नव्हतो. मी हसत साधनाला हाक मारणार होतो, तेवढ्यात वरची ओळ दिसली. बेडरूम दोन, म्हणजे अबोलीची: रिकामी.

मी सतबीरला फोन केला.

"आपने ही दिखाया था, सर," तो म्हणाला. "रिकॉर्डिंग भेज देता हूँ. हमारा तो एक ही नियम है. लिस्ट में है तो जाएगा, नहीं है तो नहीं जाएगा."

रेकॉर्डिंग मी सोमवारी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत पाहिलं. घर आमचंच होतं. कोपऱ्यात माझं बोट मध्येमध्ये येत होतं. किचन बरोबर, आमची बेडरूम बरोबर. मग फोन अबोलीच्या खोलीत शिरला आणि तिथे काही नव्हतं. पलंग नव्हता, नकाशा नव्हता, अबोली नव्हती. नकाशाच्या जागी खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं. माझा आवाज म्हणाला, "ये खाली है."

मग पॅसेज. मग, भिंत असायला हवी तिथे, डावीकडून येणारं सकाळचं ऊन. निळा पडदा. टेबल. सायकलच्या पुढच्या चाकाला ओला चिखल. पलंगावर रजई. चौदा सेकंद. शेवटच्या सेकंदाला रजई जराशी हलली, झोपलेलं मूल कूस बदलतं तशी.

हल्ली आवाजाचं आणि चित्राचं काहीही करता येतं. कंपनीने कुठल्या तरी दुसऱ्या घराचा तुकडा जोडला असणार. मी डबा संपवला. भाजी कसली होती ते आता आठवत नाही.

घरी आल्यावर साधनाला दाखवलं. तिने उभ्याउभ्या दोनदा पाहिलं. ती चिडेल असं मला वाटलं होतं, आणि चिडली असती तर फार बरं झालं असतं.

"पडदा धुवायला हवा होता," ती हळूच म्हणाली आणि कुकरकडे गेली.

गुरुवारी सकाळी आठला सतबीर चार माणसं घेऊन आला. त्यांच्याकडे छापील स्टिकर होते, खोलीप्रमाणे. मी यादीतली चूक सांगितली. "मौके पर देख लेंगे, सर," तो म्हणाला आणि माणसं कामाला लागली. टेप ओढल्याचा तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला माहीत आहे. दातातून जातो.

सामान बाहेर न्यायचा गेट पास घ्यायला मी सोसायटीच्या ऑफिसात गेलो. परत आलो तर हॉलमध्ये लहान सायकल उभी होती. बबल-रॅपमध्ये गुंडाळलेली. खालून चाक उघडं होतं, त्याला चिखल होता. फरीदाबादला महिनाभर पाऊस नव्हता.

"ये कहाँ से आई?"

"अंदर से, सर," एक माणूस म्हणाला आणि पॅसेजकडे बोट केलं.

मी गेलो. पॅसेजच्या टोकाला भिंत होती. तिच्यावर, हँडल असतं त्या उंचीवर, 'बेडरूम ३' असा स्टिकर चिकटवला होता. मी भिंतीवर तळहात ठेवला. ती कोमट होती.

त्यानंतर मी तासभर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसलो. मी बसलेलो असताना तिथून काही बाहेर आलं नाही. एकदा पाणी प्यायला उठलो. परत आलो तेव्हा दोन माणसं एक सिंगल बेड हॉलमध्ये आडवा करत होती.

अबोली तिच्या खोलीत पलंगावर बसून होती. तिच्या वस्तूंना कुणी हात लावला नव्हता. मी दारात असतानाच एक माणूस मोठं रिकामं खोकं घेऊन आत आला आणि तिच्या पायांवरच ठेवायला लागला. तिने वेळेवर पाय आखडले. तो तिच्याकडे न बघता निघून गेला.

"बाबा, माझं कधी पॅक करणार?"

"करतील. आता तुझाच नंबर."

"आई माझ्याशी बात का नाही करत आहे? मी तीनदा आवाज दिला तिला."

"कामात आहे गं ती."

"गुस्सा आहे का माझ्यावर?"

मी तिचा हात धरला. पेन्सिल धरून मधल्या बोटाला आलेला घट्टा तोच होता. हात फार हलका होता.

दुपारी साधनाने खालून छोले-कुलचे मागवले आणि उलट्या खोक्यावर तीन कागदी प्लेटा मांडल्या. एक माझी, एक तिची. तिसरी तिने स्वतःच्या शेजारी ठेवली, तिच्यातला कांदा वेचून काढला आणि कुलच्याचे लहान तुकडे केले. अबोलीला कांदा आवडतो. ती माझ्या प्लेटमधून जेवली, माझ्या गुडघ्याला चिकटून.

"जयंत," साधना म्हणाली, "सुखदाचे बूट त्या लोकांना भरू देऊ नकोस हं. घालून जायचेत तिला."

"साधना. कोण सुखदा?"

तिने माझ्याकडे, मी पाहुण्यांसमोर भिंतीचा विनोद केला की बघायची तसं बघितलं. "बास हं. आज तरी नको."

"आणि अबोली?"

"कोण?"

तिने खरोखर विचारलं होतं. नाव नीट ऐकू आलं नसेल अशी मान थोडी पुढे करून. अबोली आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. तिने माझ्या शर्टाची कड मुठीत धरली.

तिसऱ्या प्लेटमधले तुकडे मी पुन्हा पाहिले तेव्हा कमी झाले होते.

मी उठून सतबीरला गाठलं. तो लिफ्टपाशी उभा राहून यादीवर खुणा करत होता. मी अबोलीला हाताला धरून त्याच्यासमोर उभं केलं.

"सतबीरजी, ये मेरी बेटी है. इसका सामान आपने छोड़ दिया है."

त्याने माझ्याकडे बघितलं. तिच्याकडे नाही. "सर, लिस्ट में नहीं है."

"तो लिख लीजिए."

"लिख लूँगा. पर गाड़ी में जगह लिस्ट के हिसाब से है. कुछ चढ़ाना है तो कुछ उतारना पड़ेगा."

"बेडरूम तीन उतार दीजिए. पूरा."

"मैडम से पूछ लूँ?"

साधना आलीच होती. ती हॉलमधल्या 'बेडरूम ३'च्या खोक्यांकडे गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून, दोन्ही हात मागे टेकून उभी राहिली.

"अकरा वर्षं तिच्याशिवाय राहिले मी," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "आता नाही. तू काय वाटेल ते कर, जयंत."

आणि तिच्या मागे, खोक्यांच्या आतून, कुणीतरी नाक ओढलं. सर्दी झालेलं मूल ओढतं तसं.

चारही माणसं टेप लावत राहिली. कुणी मान वर केली नाही.

मी विचार केला. विचार करायला काही फार नव्हतं. यादीत नसलेल्याचं काय होतं ते मी सकाळपासून बघत होतो.

"मेरी किताबें काट दीजिए," मी सतबीरला म्हटलं. पुस्तकं मागून कुरियरने मागवता येतील, असं मी स्वतःला सांगितलं.

त्याने यादीतली नऊ खोकी खोडली आणि खाली लिहिलं. पलंग, एक. मग मान वर करून म्हणाला, "अरे! ये बिटिया कहाँ थी सुबह से? नमस्ते बेटा."

अबोलीने माझ्याकडे बघितलं आणि मग "नमस्ते अंकल" म्हणाली.

"और?"

माझं टेबल. माझी खुर्ची. माझं कपाट. त्यांच्या जागी तिचं टेबल, कॅरम, नकाशा, कपडे. हॉलमधून साधनाची हाक आली, "अबोली, तोंड धुऊन घे गं, बघ कशी झालीयेस." अबोली धावली. मी तिथेच भिंतीला टेकलो.

"अब भी एक कार्टन ज़्यादा है," सतबीर म्हणाला. आता तो मला सर म्हणत नव्हता. "बच्ची के रंग वगैरह."

"आणि माझं काय उरलंय यादीत?" मी मराठीतच विचारलं. त्याला कळलं असावं.

"एक सूटकेस."

पुढच्या चार दिवसांचे कपडे. दाढीचं सामान. रंग नवे घेता आले असते, हे मला कळत होतं. पण मी हॉलकडे बघितलं. साधना अबोलीची वेणी घालत होती, आणि वेणी घालताना मध्येच तिचे हात थांबत होते, हे केस कुणाचे ते आठवेनासं झाल्यासारखे. अबोली ताठ बसली होती. पुन्हा हाक ऐकू न येण्याची भीती तिच्या पाठीवर दिसत होती.

एक खोकं बाहेर राहून चालणार नव्हतं.

"काट दो," मी म्हटलं.

त्याने रेघ मारली. साधनाचे हात भराभर चालायला लागले.

माझी बॅग एका माणसाने लिफ्टमधून परत आणली आणि माझ्या पायांपाशी ठेवायला लागला. मी वेळेवर पाय मागे घेतले.

मग सगळं लवकर झालं. ट्रक चार वाजता गेला. साधनाने नळ तपासले, खिडक्यांच्या कड्या लावल्या, देवांची पिशवी खांद्याला घेतली. मी दारात उभा होतो. ती माझ्याजवळ येऊन थांबली, आणि मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं.

तिने सौजन्याने मान हलवली.

"आप प्रॉपर्टी डीलर साहब के यहाँ से आए हैं न?" ती म्हणाली. "ये लीजिए चाबी. किचन का एक नल थोड़ा टपकता है, बता दीजिएगा उनको."

एकवीस वर्षांत ती माझ्याशी हिंदीत बोलली नव्हती.

"साधना," मी म्हटलं.

"जी?" ती म्हणाली. थोडी दचकली, पदर सावरला आणि लिफ्टकडे वळली. या बाहेरच्या माणसाला आपलं नाव कसं माहीत, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

मी जिन्याने धावलो. सात मजले. खाली टॅक्सी उभी होती, डिकी बंद होत होती. अबोली मागच्या सीटवर अलीकडच्या खिडकीशी बसली होती, दोन वेण्या, धुतलेलं तोंड. मी काचेवर बोटं टेकली. तिने काच खाली केली.

"अबोली. बाळा."

तिने माझा चेहरा नीट बघितला. तिला शिकवलंय तसं, अनोळखी माणसाशीही नीट बोलायचं.

"थैंक यू, अंकल," ती म्हणाली. "हमारा सारा सामान चढ़ गया."

तिचा आवाज मोकळा होता. तिला कसलीच भीती वाटत नव्हती. हेच मला हवं होतं, असं मी त्या क्षणी आणि नंतरही अनेकदा स्वतःला सांगितलं आहे.

"चलो भैया," साधना पुढून म्हणाली. गाडी सुरू झाली.

अबोलीच्या पलीकडे, पलीकडच्या खिडकीशी, आणखी कुणीतरी बसलं होतं. पाय सीटवरून खाली पोहोचत नव्हते. पायांत नवे बूट होते. ती पुढे वाकली, अबोलीच्या मांडीवर एक हात टेकला आणि उघड्या काचेतून थेट माझ्याकडे बघितलं. नाक ओढलं.

"येते हं, बाबा," ती म्हणाली. इतकी स्वच्छ मराठी आमच्या अबोलीला कधी जमली नाही.